दोन उभ्या गाड्यांची टक्कर

एक उभी मोटार आणि एक उभा ट्रक यांची टक्कर झाली, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेईल. पण सरांच्या दारापुढे नेमकं हेच घडलं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, जेवणं उरकून गल्ली आडवी व्हायच्या बेतात असताना.

सर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारे सर. त्यांना रीतसर नाव आहे, पण ते पगारपत्रकापुरतं. वाण्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. तर त्या दुपारी वहिनी ताटं उचलत होत्या, सर पेपर तोंडावर घेऊन खुर्चीत पडले होते, आणि बाहेर 'धाड' असा आवाज झाला.

"दार आपटलं वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"शक्यच नाही," पेपराखालून सर म्हणाले. "दाराला मी आज सकाळीच दगड लावलाय."

हे खरं होतं. सरांचं पुढचं दार जरा वारा आला की आपटायचं. सुताराला सांगून सांगून सरांची जीभ झिजली होती. सुतार दर वेळी 'उद्या येतो' म्हणायचा आणि त्याचा उद्या काही उजाडायचा नाही. शेवटी त्या सकाळी दूध घेऊन येताना सरांना रस्त्यात एक छान बसका, जड दगड दिसला आणि तो त्यांनी बगलेत मारून घरी आणला. रस्त्यातली अडचण गेली आणि दाराची सोय झाली, असा दुहेरी आनंद त्यांना सकाळपासून होता. दगडाच्या एका बाजूला कसला तरी हिरवा रंग लागला होता, ती बाजू त्यांनी शोभेसाठी भिंतीकडे केली होती. "याला म्हणतात घर्षण," असंही ते वहिनींना म्हणाले होते. वहिनी तेव्हा गाडीची किल्ली शोधत होत्या, त्यामुळे घर्षणाचं कौतुक व्हायचं तेवढं झालं नाही.

तेव्हा आवाज दाराचा नाही हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं आणि दोघं बाहेर आले.

बाहेर ट्रकचं बूड मोटारीच्या तोंडावर येऊन बसलं होतं. शेजारच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहत होती, तिच्यासाठी फरशा भरून आलेला हा ट्रक सकाळपासून तिथंच उभा होता. त्याच्या मागे, चांगली दोन म्हशी निघून जातील एवढी जागा सोडून, सरांची मोटार उभी होती. आता मध्ये म्हैस सोडाच, पोस्टकार्डही गेलं नसतं. मोटारीचा एक दिवा फुटला होता, बंपर एका बाजूनं सुटून लोंबत होता आणि बॉनेट मधोमध वाकून वर आलं होतं. ट्रकला काहीही झालं नव्हतं. ट्रकला अशा वेळी काहीही होत नसतं. आणि दोन्ही गाड्यांत माणूस नव्हता.

सरांच्या मनात पहिला विचार आला तो, सांगायला संकोच वाटतो, पण नुकसानीचा नव्हता. "हे झालं कसं?" असा होता. दोन वस्तू स्थिर. दोघींवर कुणाचा हात नाही. मग हलली कोण? सरांचे डोळे चमकले. वर्गात अशी गणितं ते आपल्या मनानं रचायचे तेव्हा मुलं म्हणायची, सर, असं कधी होत नसतं.

वहिनींच्या मनात मात्र दुसराच प्रश्न होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

याचं कारण असं, की मोटार त्यांनी लावली होती. वहिनींच्या थोरल्या बहिणीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. बहीण एकटी, गुडघ्यांनी जायबंदी, आणि तिच्याकडे जायचं तर बस बदलत बदलत अख्खा दिवस मोडायचा. म्हणून बरोबरीच्या बायका नातवंडं खेळवत असताना वहिनी गाडी शिकल्या. शिकवणारा ओरडायचा, मागचे हॉर्न वाजवायचे, पण वहिनींनी नेट सोडला नाही. लायसन मिळालं. आणि त्या सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, शेजारी कुणीही न बसवता त्या बहिणीकडे जाऊन आल्या होत्या. बहिणीनं खिडकीतून त्यांना गाडी लावताना पाहिलं आणि रडली, असं त्यांनी चपला काढायच्या आधीच सांगितलं होतं. जेवताना त्या दोनदा उठून गाडी बघून आल्या होत्या.

आता त्या गाडीकडे बघत म्हणाल्या, "अहो, मी हँडब्रेक ओढला होता ना?"

या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, आणि ते म्हणजे 'हो'. कुठल्याही शहाण्या नवऱ्यानं ते डोळे मिटून दिलं असतं. पण सर विज्ञानाचे. त्यांनी आठवून पाहिलं, खिडकीतून आपल्याला हात दिसला नव्हता हे त्यांना आठवलं, आणि ते प्रामाणिकपणे म्हणाले, "ओढला असणार."

त्या एका 'असणार'नं जे मोडलं ते ट्रकनंही मोडलं नव्हतं. वहिनी आत गेल्या, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "मी काही आता हिला हात लावणार नाही."

एव्हाना गल्ली जमली होती आणि गल्लीच्या पुढे चौकशीकाका होते. काकांनी उभी हयात एका कचेरीत 'चौकशी' लिहिलेल्या खिडकीमागे काढली होती. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, पण लोकांना माहिती देण्याची सवय राहिली, आणि आता मध्ये काचही नव्हती. काकांनी आल्या आल्या परिस्थितीचा ताबा घेतला. मोटारीचं दार उघडून ते आत बसले, हँडब्रेक कचकचून ओढला आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "कुणी कशाला हात लावू नका. विम्याचं काम आहे. आधी हँडब्रेक ओढलेला होता की नव्हता ते बघा."

"काका," सर हळूच म्हणाले, "तुम्ही आत्ता ओढलात."

"मग? ओढायला नको? गाडी पुढे गेली असती म्हणजे?"

"नाही, पण तुम्ही ओढायच्या आधी तो ओढलेला होता का?"

"ते मी कसं बघणार? मी ओढत होतो ना!"

अशा रीतीनं एकुलता एक पुरावा काकांच्या हातून सुरक्षित झाला.

तेवढ्यात इमारतीतून ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. जेवता जेवता उठला होता, हात तसाच होता. उंचापुरा, मिशाळ गडी, पण त्याची पार गाळण उडाली होती. तो मोटारीकडे न बघता सरळ ट्रकच्या मागच्या चाकाशी वाकला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पोटावर पडून ट्रकच्या खालीसुद्धा बघितलं.

"साहेब, मी दगड लावला होता," तो म्हणाला. "या चाकाला. रोज लावतो. गाडी जुनी आहे, ब्रेक धरतो पण मग दमतो. म्हणून दगड लावल्याशिवाय मी खाली पायच ठेवत नाही."

"मग कुठाय दगड?" काकांनी विचारलं.

"तेच बघतोय."

"सगळे असंच म्हणतात," काका गल्लीला म्हणाले. "दगड लावला होता, दगड लावला होता."

सर शांतपणे पुढे झाले. वर्गात गृहपाठ हरवलेल्या मुलाकडे बघतात तसे बघत ते म्हणाले, "हे पहा, आपण तर्कानं जाऊ. तुम्ही दगड लावला असेल तर तो इथं असायला हवा. इथं नाही. मग काय दगडाला पाय फुटले?"

लोक हसले. ड्रायव्हर पुन्हा चाकाशी वाकला. त्याच्या मालकानं फोनवर सांगितलं, की चूक कुणाची ते ठरेपर्यंत ट्रक दुसरा माणूस चालवेल, तू तिथंच थांब. तेव्हापासून तो इमारतीच्या पायरीवर बसून असायचा. मधूनच उठून गटाराच्या कडेनं दगड चाळत फिरायचा.

आता विम्याकडे वळू. विमा ही गोष्ट हप्ते भरताना जितकी सोपी असते तितकी ती नंतर राहत नाही. सरांनी फोन लावला. आधी बासरी वाजली, मग एका बाईनं आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगितलं, मग पुन्हा बासरी. शेवटी एक माणूस सापडला. त्यानं विचारलं, "टक्करीच्या वेळी आपल्या वाहनाचा वेग किती होता?"

"शून्य."

"समोरच्या वाहनाचा?"

"शून्य."

पलीकडे कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. "सर, मग टक्कर कशी झाली?"

"मीही त्याच शोधात आहे," सर उत्साहानं म्हणाले. "तुमचं काय मत?"

त्या माणसाला मत नव्हतं. त्यानं सर्व्हेअर पाठवतो म्हणून सांगितलं.

सर्व्हेअर आला तो गळ्यात कॅमेरा आणि बगलेत फाईल घेऊन. गाड्या अजून होत्या तशाच उभ्या होत्या, आधी त्यानं त्यांचे चहूबाजूंनी फोटो काढले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. कुणी काही म्हणालं की 'नोंद घेतो' म्हणायचा. घरात शिरतानाच दाराजवळच्या दगडावर त्याचा अंगठा आपटला. तो कळवळून एका पायावर नाचला.

"सांभाळून, सांभाळून!" सर म्हणाले. "लागलं का? तो दाराचा दगड आहे. नवीनच आहे. पण बघा, तेव्हापासून दार एकदाही आपटलं नाही. खालची बाजू कशी खरखरीत आहे, फरशीवर तसूभर सरकत नाही. असा दगड शोधून मिळायचा नाही."

"चांगला आहे," सर्व्हेअर अंगठा चोळत म्हणाला, आणि बसून फाईलमध्ये लिहिलं : ट्रकच्या चाकाला दगड लावल्याचा पुरावा आढळला नाही.

मग त्यानं अडचण समजावून सांगितली. ट्रक मागे येऊन मोटारीवर बसला असेल तर भरपाई ट्रकच्या विम्यानं द्यायची. मोटार पुढे जाऊन ट्रकवर आदळली असेल तर ती मोटारीकडची चूक, हँडब्रेक ओढला नव्हता असं लिहावं लागेल. "कोण कुणाकडे गेलं ते ठरल्याशिवाय फाईल हलत नाही," तो म्हणाला. "रस्त्याला उतार कुठल्या बाजूला आहे?"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. 'हँडब्रेक ओढला नव्हता' एवढंच त्यांनी ऐकलं. कप ठेवताना बशीत चहा सांडला आणि त्या तशाच परत गेल्या. बायकोच्या बाबतीत आपण एक शब्द चुकलो हे त्यांना तोवर कळून चुकलं होतं. पण शब्द परत घेता येत नाही, तेव्हा आता तो पुराव्यानं पुसून काढायचा असं त्यांनी ठरवलं. स्वयंपाकघरात जाऊन ते म्हणाले, "मी शोधून काढतो. काय झालं ते अगदी मुळापासून शोधून काढतो."

"काढा," वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पण ताईचा फोन आला तर काय सांगू? रोज विचारते, आज येतेस का म्हणून."

मध्यंतरी मोटार गॅरेजात जाऊन आली, तेही सांगितलं पाहिजे. गॅरेजवाल्यानं बॉनेटवर ठोकून पाहिलं, कान लावला, मान हलवली आणि "आतून दुखावलीय" असं निदान केलं. सरांना आपण बैलाला दवाखान्यात आणलंय असं वाटायला लागलं. "पण चालेल ना?" त्यांनी विचारलं. "चालेल की. चालायला काय झालंय? दिसायला झालंय." आणि विम्याची परवानगी येईपर्यंत पत्रा ठोकणार नाही, इथं ठेवायला जागा नाही, असं सांगून त्यानं बंपर सुतळीनं आणि बॉनेट नायलॉनच्या दोरीनं बांधून मोटार परत पाठवली. दारापुढे ती एका डोळ्यानं गल्लीकडे बघत उभी राहिली. येणारेजाणारे थांबून तिची विचारपूस करत आणि मग सरांची.

आता उताराचं. त्या रस्त्यावर सरांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण त्याला उतार कुठल्या बाजूला आहे हे त्यांना सांगता येईना. रस्ता दिसायला सपाट. त्यांनी गल्लीत विचारलं. सायकलवाले म्हणाले, इमारतीकडे जाताना चढ आहे. चालणारे म्हणाले, छे, तिकडून येताना चढ आहे, पिशवी जड होते. काका म्हणाले, सकाळी एका बाजूला असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. काका म्हातारे आहेत, त्यांना तसं वाटतही असेल.

सरांनी प्रयोग करायचं ठरवलं. पहिला प्रयोग चेंडूचा. ट्रक होता त्या जागी त्यांनी चेंडू ठेवला आणि सगळे श्वास रोखून उभे राहिले. ड्रायव्हरही पायरीवरून उठून आला. चेंडू जरा विचारात पडला, मग धड इकडे नाही धड तिकडे नाही, सरळ बाजूला गटारात गेला.

"म्हणजे दोन्ही गाड्या गटारात जायला हव्या होत्या," काका म्हणाले.

दुसरा प्रयोग पाण्याचा. सरांनी बादली ओतली. पाण्याचे तीन ओघळ झाले. एक गटारात, एक मोटारीखाली, आणि एक काकांच्या फाटकातून आत, जिथं काकूंनी कापूस बाहेर आलेली जुनी गादी उन्हात टाकली होती. काकू बाहेर आल्या. विज्ञानावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यांनी तो का नाही हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. पण सर हटले नाहीत. त्यांना आता खरंच चेव आला होता. रस्त्याच्या पोटात काय आहे, पाणी कुठं थबकतं, कुठं पळतं, हे बघताना ते उकिडवे बसून पुढे पुढे सरकत होते आणि धोतर असतं तर सुटलंही असतं, पण पँट होती म्हणून निभावलं.

तिसऱ्या प्रयोगाला त्यांनी शाळेतून लेव्हल आणली, गवंडी वापरतात तसली, आत बुडबुडा असलेली. तिनं मात्र निकाल दिला. बुडबुडा ट्रककडे सरकला. म्हणजे ट्रकची बाजू उंच आणि मोटारीची सखल. फार नाही, पण उतार होता, आणि तो मोटारीकडे होता!

सर रस्त्यातूनच ओरडले, "अगं, बाहेर ये! तू नाहीस! ट्रकच आला! तू हँडब्रेक ओढला असतास किंवा नसतास, तरी ट्रकच आला!"

वहिनी दारात आल्या होत्या. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि शेवटचं वाक्य ऐकून पुन्हा होता तसा झाला. काही नवरे आनंदाच्या बातमीतही एखादं 'नसतास' घालतात, त्याला इलाज नाही.

आणि तिकडे ड्रायव्हर मटकन पायरीवर बसला. ट्रक आला म्हणजे चूक त्याची, हे त्याला लेव्हल न बघताच कळलं. तो फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, पण मी दगड लावला होता हो."

सर्व्हेअर पुन्हा आला. या वेळी त्यानं सगळ्यांचे जबाब एकदमच घ्यायचे ठरवलं आणि सरांच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली. काका न बोलावता आले आणि चांगली खुर्ची बघून बसले. सरांनी भिंतीला टेकून रस्त्याची आकृती उभी केली होती, तिच्यात बाण काढले होते. सर्व्हेअर लिहीत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वारा सुटला होता, पण दार जागच्या जागी होतं.

"आता प्रश्न राहतो तो दगडाचा," सर बोटात खडू धरल्यासारखं करत म्हणाले. "दगड असता तर चाक आणि रस्ता यांच्यामध्ये अडथळा राहिला असता, आणि एवढ्या हलक्या उतारावर ट्रक जागचा हललाच नसता. ट्रक हलला. यावरून काय सिद्ध होतं?"

"दगड नव्हता," काका म्हणाले.

"बरोबर. म्हणजे ज्यानं तो लावायचा त्यानं तो लावला नाही. मला त्या माणसाविषयी राग नाही. पण निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच."

याच वेळी ड्रायव्हर आत येत होता. त्याला बोलावून घेतलं होतं. उंबऱ्यापाशी चप्पल काढायला तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

खोलीत कुणाच्या लक्षात आलं नाही. सर घर्षणाचे प्रकार सांगत होते. मग ड्रायव्हरनं दोन्ही हातांनी दाराजवळचा दगड जरासा फिरवला. भिंतीकडची बाजू पुढे आली. तिच्यावर हिरव्या रंगाचा पट्टा होता आणि मधोमध चाक बसून बसून पडलेली खोलगट जागा.

"हा माझा दगड," तो म्हणाला.

सरांचं वाक्य घर्षणाच्या दुसऱ्या प्रकारावर थांबलं.

"जिथं जातो तिथं दगड पळवतात लोक," ड्रायव्हर सर्व्हेअरला सांगत होता, हरवलेलं माणूस सापडल्यासारखा त्याचा आवाज झाला होता. "म्हणून रंग लावून ठेवलाय. ट्रकच्या पाटीचाच रंग आहे हा. बघा हवं तर. साहेब, मी म्हणत होतो ना, लावला होता म्हणून?"

सगळ्यांनी दगडाकडे बघितलं, आणि मग हळूहळू सरांकडे.

सरांच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल, की त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्या सकाळी दगड घरात आला, आणि आल्या क्षणापासून तो त्यांच्या लेखी दगड राहिलाच नाही, तो दाराचा भाग झाला. सगळी गल्ली त्यांनी दगडासाठी पालथी घातली असती, पण दाराकडे त्यांनी बघितलं नसतं. आपल्या घरात आली ती वस्तू आपलीच असते आणि आपल्याकडून व्हायचं ते बऱ्यासाठीच होतं, अशी सभ्य माणसाची एक समजूत असते, आणि सर फार सभ्य होते.

"अहो," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "हा कुठून आणलात?"

"रस्त्यातून."

"रस्त्यात कुठून?"

सरांनी आकृतीकडे बघितलं. तिच्यातले सगळे बाण त्यांच्याकडे वळल्यासारखे वाटले. "ट्रकजवळून," ते म्हणाले. आणि मग, कारण शेवटी माणूस प्रामाणिक, "चाकाजवळून. म्हणजे चाकाखालूनच. मला वाटलं, उगीच पडलाय. अलगद निघाला."

"ब्रेकनं धरलं होतं तोवर निघणारच अलगद," ड्रायव्हर म्हणाला. "दुपारी दमला ब्रेक."

"दगडाला पाय फुटले होते म्हणा की," काका खुर्चीतून म्हणाले. "चपला सरांच्या होत्या."

वहिनींना आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं, की आधी पाणी आणि मग हसू, हे सरांना नीट दिसलं नाही, कारण त्यांची मान खाली होती. ते उठले, ड्रायव्हरपुढे गेले आणि म्हणाले, "माफ करा. मी तुम्हाला चारचौघांत बोललो. तुमचं बरोबर होतं." मग वळून त्यांनी भिंतीला टेकलेली आकृती उलटी करून ठेवली.

"असू दे हो साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "दगड मिळाला, बास झालं. मालकाला तेवढं सांगा म्हणजे झालं."

सर्व्हेअर पेन धरून बसला होता. "आमच्याकडे यासाठी जागा नाही," तो शेवटी म्हणाला. "तक्रार करणारे तेच आणि दगड काढणारेही तेच. कंपनी काय म्हणेल ते म्हणेल. पण दोन गोष्टी मी आत्ता लिहून देतो. ड्रायव्हरनं दगड लावला होता. आणि मोटार जागची हलली नव्हती. ती ज्यांनी लावली त्यांनी ती व्यवस्थित लावली होती."

"व्यवस्थित," वहिनी म्हणाल्या.

"व्यवस्थित. हँडब्रेकसकट. ट्रक एवढा अंगावर येऊनही मोटार मागे सरकलेली नाही. माझ्या फोटोत मागची चाकं जागच्या जागी आहेत. ब्रेक सुटा असता तर ती पार कोपऱ्यावर गेली असती."

हे सरांना सुचायला हवं होतं. चेंडू, बादली, लेव्हल, सगळं झालं, पण मागच्या चाकांकडे त्यांनी बघितलं नव्हतं. वहिनींना खिडकीतून बघताना हात दिसला नाही म्हणून ते 'असणार' म्हणाले होते, आणि चाकं समोर उभं राहून सांगत होती.

वहिनींनी पदराला हात पुसले. खिळ्यावरची किल्ली काढली. ड्रायव्हरनं दगड उचलून छातीशी धरला आणि तो बाहेर पडला. त्याच्यामागे वहिनी निघाल्या. एवढ्यात वारा आला आणि दार 'धाड' करून आपटलं. खोलीतले सगळे दचकून उभे राहिले. काका तर थेट खिडकीशी धावले, आता कोण कुणावर गेलं ते बघायला.

दार पुन्हा उघडलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मी ताईकडे जाऊन येते," त्या म्हणाल्या. "वाटेत यांना मालकाकडे, ट्रकपाशी सोडते, दगड जड आहे. एकटीच जाणार आहे. आणि अहो, ऐकलंत का?"

"काय?" सर आशेनं म्हणाले.

"मी येईपर्यंत दार धरा."

एका डोळ्याची, दोरीनं बांधलेली मोटार सुरू झाली. आरशात बघून, हात दाखवून, जराही धक्का न देता ती रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावरून वळली. वळताना हॉर्न वाजला, तो गरज नसताना वाजला होता. सर्व्हेअर अंगठ्याकडे बघत, जपून उंबरा ओलांडून गेला. काका गल्लीला माहिती द्यायला गेले. आणि विज्ञानाचे सर दाराला पाठ लावून, दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवून उभे राहिले. वारा चांगलाच होता, पण दार काही आपटलं नाही.